टोनीची दोन बोटं

अल्बम ४२ मिनिटांचा आणि त्यावर वाद साडेतीन तास! आमच्या चिंचवडच्या घरात रविवारी दुपारी हा कार्यक्रम असतो. आमचे चिरंजीव, त्यांचे इंजिनिअरिंगचे दोन मित्र, माझा भाचा आणि शेजारच्या विंगमधली एक मुलगी. ही मुलगी बास गिटार शिकतेय. सगळ्यांचे टी-शर्ट काळे. सासूबाई या कंपूला ‘शनीचे भक्त’ म्हणतात. आणि गंमत म्हणजे त्यातला एक जण खरंच दर शनिवारी मारुतीला तेल घालून येतो!

अल्बमचं नाव ‘पॅरनॉइड’. इंग्लंडमधल्या ‘ब्लॅक सॅबथ’ या बॅण्डचा हा दुसरा अल्बम १८ सप्टेंबर १९७० ला तिकडे बाजारात आला. तेव्हा माझ्या आईवडिलांचं लग्नसुद्धा व्हायचं होतं. ‘हेवी मेटल’ नावाचा जो प्रकार आहे, त्याची गंगोत्री म्हणजे हा बॅण्ड, असं ही पोरं सांगतात आणि जाणकारही बहुतेक तेच म्हणतात. ज्यांच्या घरी असं एखादं पोर आहे, त्या मैत्रिणींना हेवी मेटल म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांनी पत्र्याच्या शेडवर गारा पडतायत आणि आत कुणीतरी लोखंडी पिंप गडगडत नेतंय, असं डोळ्यांपुढे आणावं. गिटारचा आवाज मुद्दाम फाटका, जड केलेला असतो आणि त्यावर कुणीतरी जीव तोडून गात असतं.

बॅण्डमधले चौघंही बर्मिंगहॅम शहरातल्या ॲस्टन भागातले. टोनी आयोमी गिटार वाजवायचा, गीझर बटलर बास वाजवायचा आणि बहुतेक गाणी लिहायचा, बिल वॉर्ड ड्रमवर, आणि ऑझी ऑस्बर्न गायचा. ॲस्टन म्हणजे कामगार वस्ती. ऑझीचे वडील रात्रपाळीला जाणारे टूलमेकर, आई लुकासच्या कारखान्यात. सहा भावंडं. ऑझीनं स्वतः काही दिवस मोटारीचे हॉर्न वाजवून तपासायचं काम केलं, पुढे कत्तलखान्यात केलं. चोरीच्या एका प्रकरणात दंड झाला, तो वडिलांनी मुद्दाम भरला नाही. त्यामुळे सतराव्या वर्षी साहेब सहा आठवडे तुरुंगात जाऊन आले. त्याच वडिलांनी नंतर कर्ज काढून पोराला माईक-स्पीकरची यंत्रणा घेऊन दिली. बाप कुठल्याही देशातला असो, बापच!

५ जुलै २०२५ ला या चौघांनी ॲस्टनमधल्याच व्हिला पार्क स्टेडियमवर शेवटचा कार्यक्रम केला. ऑझीला पार्किन्सन झालेला, उभं राहता येईना, म्हणून तो सिंहासनासारख्या मोठ्या खुर्चीत बसून गायला. चौघांनी मिळून चारच गाणी केली, त्यातली तीन याच ‘पॅरनॉइड’ अल्बममधली. जमलेले पैसे पार्किन्सनवर संशोधन करणाऱ्या संस्थेला आणि मुलांच्या रुग्णालयाला, आजारी मुलांच्या सेवाकेंद्राला देण्यासाठी होते. त्यानंतर सतराव्या दिवशी, २२ जुलैला ऑझी गेला. आपल्याकडे बातमी आली तेव्हा मध्यरात्र व्हायला आली होती. आमचे चिरंजीव त्या रात्री जेवलेलं ताट तसंच ठेवून गॅलरीत जाऊन बसले. मी काही बोलले नाही. किशोरीताई गेल्या तेव्हा मी दोन दिवस कशी होते, ते मला आठवत होतं.

पुढच्या रविवारी कंपू जमला आणि त्यांनी या अल्बमवर २०१० साली निघालेला माहितीपट लावला. त्यात हे चौघंजण एकेक गाणं कसं झालं ते सांगतात. मी मेथी निवडत मागे बसले होते. तुम्ही विचाराल, तुला हे संगीत आवडतं का? नाही बाई. मला माणिक वर्माच बऱ्या. पण साठीला आलेली चार माणसं आपल्या विशीतली गोष्ट सांगायला लागली की ऐकत बसावंसं वाटतं. त्यातून एकाच घटनेच्या चौघांच्या चार तऱ्हा असल्या तर विचारूच नका! आपल्याकडे एखाद्या लग्नाची गोष्ट निघाली की मोठ्या आत्याचं लग्न वेगळं आणि धाकट्या काकांचं वेगळं असतं, तसंच.

आता ‘पॅरनॉइड’ या गाण्याचीच गोष्ट घ्या. अल्बम लंडनच्या स्टुडिओत १९७० च्या जूनमध्ये रेकॉर्ड झाला. निर्माते रॉजर बेन म्हणाले, अजून तीन-एक मिनिटांचं काहीतरी हवंय. म्हणजे भरतीचं गाणं! बाकीचे तिघं खायला बाहेर गेले आणि टोनी एकटाच गिटार घेऊन बसला. ते परत आले तोवर धून तयार होती. गीझरनं घाईघाईनं शब्द लिहिले, ऑझीनं कागदावर बघत बघत म्हटले, गाणं संपलं. गीझरला तर ते गाणं नकोच होतं. त्याला ते ‘लेड झेपलिन’च्या एका गाण्यासारखं वाटत होतं. तेच भरतीचं गाणं इंग्लंडच्या यादीत चौथ्या नंबरपर्यंत गेलं आणि अल्बम पहिल्या नंबरावर. पहिला नंबर या बॅण्डला पुन्हा मिळाला तो थेट २०१३ मध्ये. आपलं नाही का, पाहुणे जास्त आले म्हणून ऐनवेळी केलेलं पिठलं सगळ्यात आधी संपतं!

यावर पोरांचा वाद असा की, गाणं झालं वीस मिनिटांत की तासाभरात? तिघं खायला कुठं गेले होते? मी म्हटलं, ‘अरे, पन्नास वर्षांपूर्वीच्या जेवणाचा हिशेब कोण ठेवतं?’ तर भाचा म्हणाला, ‘मावशी, तू नाही का आजीच्या मंगळागौरीला कोण कुठं बसलं होतं ते सांगत?’ बरं, बाबा.

दुसरा वाद अल्बमच्या नावाचा. मुळात नाव ठरलं होतं ‘वॉर पिग्ज’. युद्ध पेटवून स्वतः मागे लपणाऱ्या सेनापती-पुढाऱ्यांवरचं हे गाणं. मुखपृष्ठावर ढाल-तलवार घेतलेला एक माणूस आहे, तो त्या नावासाठी होता. नाव बदललं, चित्र तसंच राहिलं! त्यामुळे ज्याला ही गोष्ट ठाऊक नाही तो ते चित्र बघून चक्रावतो. का बदललं? एक मत असं की व्हिएतनामचं युद्ध चालू होतं, अमेरिकेतलं गिऱ्हाईक बिथरेल म्हणून कंपनी घाबरली. ऑझीनं आपल्या आत्मकथनात मात्र ते उडवून लावलंय. त्याच्या मते ‘पॅरनॉइड’ हे गाणं चालणार असं कंपनीला दिसलं, म्हणून तेच नाव दिलं, एवढंच. आमच्याकडे यावर दोन पक्ष पडले. बास शिकणारी मुलगी म्हणाली, ‘दोन्ही खरं असेल. धंदेवाईक माणसं एका कारणासाठी थोडीच काही करतात!’ मला ती मुलगी तेव्हापासून आवडते.

तिसरं गाणं ‘आयर्न मॅन’. सिनेमातल्या त्या लाल-सोनेरी चिलखतवाल्याशी याचा काही संबंध नाही. २००८ च्या त्या सिनेमाच्या शेवटी हे गाणं वाजतं, म्हणून पोरांचा घोटाळा होतो. टोनीची धून ऐकून ऑझी म्हणाला की, हे एखादा प्रचंड लोखंडी माणूस चालत यावा तसं वाटतंय. तेवढ्यावरून गीझरनं कथा रचली. एक माणूस भविष्यात जाऊन जगाचा नाश बघून येतो, परतताना पोलादाचा होतो, लोकांना सावध करायला बघतो, पण कुणी त्याचं ऐकत नाही. मग तो चिडून स्वतःच तो नाश घडवतो. न ऐकल्यामुळे पिसाळलेला माणूस! असा एखादा कुठल्या घरात नसतो?

मध्येच मी विचारलं, ‘पण टोनी एवढं वेगळं वाजवतो काय?’ पोरांनी उत्साहानं समजावलं. तो बऱ्याच वेळा पूर्ण सुरावट न धरता दोनच सूर एकत्र धरतो, षड्ज आणि पंचम. त्याला ‘पॉवर कॉर्ड’ म्हणतात. मी म्हटलं, अरे, हा तर तानपुरा झाला की! प आणि सा. आपण नुसते ते छेडत बसतो, हे त्याच्यावर घण घालतात. पोरांना ते इतकं आवडलं की आता ते ज्याला त्याला सांगत सुटलेत.

असो. मला यात जे बोलायचंय ते जरा पुढं आहे.

माझ्याकडे काळजीनं येणाऱ्या आया बऱ्याच असतात. वस्तीतल्या आमच्या महिला केंद्रात येतात, सोसायटीतही येतात. ‘मुलगा दार लावून घेतो, काळे कपडे घालतो, ते भुताखेताचं ऐकतो.’ यात नवीन काही नाही. १९८५ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टनमधल्या बड्या राजकारण्यांच्या बायकांनी एकत्र येऊन समिती काढली. सिनेटर अल गोर यांच्या पत्नी टिपर गोर त्यात पुढे होत्या. त्यांनी पंधरा गाण्यांची काळी यादी केली, सिनेटमध्ये सुनावणी झाली आणि तेव्हापासून तिकडे कॅसेटवर ‘पालकांनो, सावध’ अशी चिठ्ठी लागायला लागली. त्या पंधरांत ब्लॅक सॅबथचंही एक गाणं होतं, दारू पिऊन गाडी उलटवल्याचं. ते १९८३ चं, तेव्हा ऑझी बॅण्डमध्ये नव्हताच. त्या बायकांची थट्टा करायची फॅशन आहे, पण मी करणार नाही. मुलांच्या कानात काय जातंय हे आईनं बघूच नये, असं थोडंच आहे? फक्त बघायचं तर नीट बघावं, शब्दांपर्यंत जावं, असं माझं म्हणणं.

कारण ‘पॅरनॉइड’ गाण्यात भूत नाही की सैतान नाही. ते आहे उदासीच्या आजारावर. गीझरनं पुढे उघड सांगितलंय की, तो तेव्हा डिप्रेशनमध्ये होता आणि ‘पॅरनॉइड’ आणि ‘डिप्रेस्ड’ या दोन शब्दांतला फरकही त्याला नीट माहीत नव्हता. त्या काळी त्या वस्तीत हे कुणाला सांगणार? ‘जा, दोन ग्लास बिअर घे, कुत्र्याला फिरवून आण,’ असले सल्ले मिळायचे. आपल्याकडे ‘देवळात जाऊन ये, लग्न कर म्हणजे ठीक होशील’ म्हणतात, त्यातलाच प्रकार. पुढे कितीतरी वर्षांनी त्याला योग्य निदान आणि औषध मिळालं. तेव्हा बाई, तुमचा मुलगा हे गाणं पुन्हा पुन्हा ऐकत असेल तर टी-शर्टचा रंग जाऊ दे, त्याच्याशी जरा बोला. कदाचित त्याला नुसता ठेका आवडत असेल. कदाचित नसेल. याच अल्बममधलं ‘हॅण्ड ऑफ डूम’ हे गाणं व्हिएतनाममधून व्यसन घेऊन परतलेल्या सैनिकांवर आहे, इशारा देणारं. आणि हे लिहिणाऱ्या-गाणाऱ्यांनी स्वतः पुढची अनेक वर्षं नशेत घालवली, हेही खरं.

ते मी पोरांना झाकू दिलं नाही. ऑझी गेल्यावर जो तो त्याला ‘किती गोड वेडा माणूस’ म्हणत होता. मी टीव्ही थांबवायला लावला. म्हटलं, १९८९ च्या सप्टेंबरात या माणसानं नशेत बायकोचा गळा दाबला होता. शॅरनचा. पोलिसांनी खुनाच्या प्रयत्नाच्या आरोपाखाली त्याला पकडलं. तिनं प्रकरण पुढे नेलं नाही, त्याची रवानगी व्यसनमुक्ती केंद्रात झाली. आणि ती कोण? बॅण्डनं ऑझीला काढून टाकल्यावर ज्या बाईनं त्याची सगळी कारकीर्द पुन्हा उभी केली, ती. दोघं शेवटपर्यंत नवरा-बायको राहिले, हेही मला माहीत आहे. पण आमच्या केंद्रात ज्या बायका गळ्यावर ओढणी घेऊन येतात, त्यांच्याशी मी रोज बोलते. ‘नशेत होता हो, एरवी चांगला आहे’ हे वाक्य मला तोंडपाठ आहे. पोरं गप्प झाली. चिरंजीव म्हणाले, ‘आई, मग ऐकायचं नाही का त्याला?’ मी म्हटलं, ‘ऐक ना. आठवण काढायची तर पुरी काढ, एवढंच म्हणतेय.’ त्यानं मान हलवली, पण पटलं का ते मला सांगता येणार नाही.

आता बोटांकडे येते.

१९६५ साल, टोनी सतरा वर्षांचा. पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करायचा. एका बॅण्डबरोबर युरोपच्या दौऱ्यावर जायचं ठरलं होतं, म्हणून नोकरी सोडलेली आणि त्या दिवशी कामाचा शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा म्हणाला, आता परत जात नाही. आई म्हणाली, असं अर्धवट सोडायचं नाही, जा, दिवस पुरा करून ये. आपल्यापैकी कुणीही हेच म्हटलं असतं. तो गेला. तिथं त्याच्यासाठी पत्रा दाबून देणारी, प्रेसवरची बाई त्या दिवशी आलेली नव्हती. म्हणून त्यालाच त्या प्रेसवर बसवलं. पायाच्या पेडलवर चालणारं अवजड यंत्र, त्याला कधी शिकवलेलं नाही. प्रेस खाली आला. दचकून हात मागे ओढला तेव्हा उजव्या हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोकं गेलेली होती.

टोनी डावखुरा. म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका उजवा. डॉक्टरांनी सांगितलं, गिटार विसर. काही दिवसांनी कारखान्याचा मॅनेजर घरी आला, हातात एक रेकॉर्ड घेऊन. टोनीला ती ऐकायचीच नव्हती. मॅनेजरनं आग्रहानं लावायला लावली. ती होती जँगो राइनहार्ट या जिप्सी गिटारवादकाची. १९२८ मध्ये त्याच्या राहत्या गाडीला आग लागली होती. बायकोनं विकायला केलेली सेल्युलॉइडची फुलं आत भरलेली, ती भडकली. त्यात त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं कायमची आखडली. उरलेल्या दोन बोटांच्या जोरावर तो एवढा मोठा वादक झाला.

मग टोनीनं काय केलं? ‘फेअरी’ नावाचा भांडी घासायचा पातळ साबण तिकडे मिळतो, त्याची प्लॅस्टिकची रिकामी बाटली घेतली. वितळवून गोळा केला, तापलेल्या सोल्डरिंगच्या सळईनं त्याला बोटाएवढं भोक पाडलं आणि घासून घासून टोपणं तयार केली. प्लॅस्टिक तारेवरून घसरायला लागलं, तेव्हा जुन्या जॅकेटचं चामडं कापून वर चिकटवलं. आपल्या शिवणाच्या अंगुस्तानासारखंच ते दिसतं. जाड तारा त्या बोटांना दबेनात, तेव्हा बॅन्जोच्या बारीक तारा गिटारला लावल्या. टोपणाखाली तार जाणवत नाही, म्हणून जास्त जोर लावायचा, आणि शाबूत असलेली तर्जनी आणि करंगळी यांच्यावर जास्त काम टाकायचं. षड्ज-पंचमाची ती जड जोडी इथंच त्याच्या हातात बसली. पुढे १९७१ च्या तिसऱ्या अल्बममध्ये त्यानं तारा आणखी सैल करून सूर खाली नेला. पोरांपैकी एक जण ही सैल तारांची गोष्ट ‘पॅरनॉइड’लाच चिकटवत होता, त्याला बाकीच्यांनी फाडून खाल्लं.

तर या सगळ्यावरून मेटलवाल्यांचं एक आवडतं वाक्य आहे. ‘ती बोटं तुटली नसती तर हेवी मेटल जन्मालाच आलं नसतं!’ भाच्यानंही ते त्या रविवारी म्हटलं. त्याला अगदी भरून आलं होतं.

आमच्या कंपूतला एक मुलगा भोसरीचा. तोच तो, तेल घालणारा. फारसा बोलत नाही. तो म्हणाला, ‘माझ्या बाबांची दोन गेली. आमच्याकडे काय जन्माला आलं?’

खोलीत कुणी काही बोलेना.

मला त्याच्या घरचं ठाऊक होतं. मी भोसरी आणि आसपासच्या वस्त्यांत बारा वर्षं काम करतेय. बचत गट, मुलींची शाळा आणि त्यातच हळूहळू हे बोटांचं काम आलं. प्रेस शॉपमध्ये गाड्यांचे छोटे छोटे सुटे भाग निघतात. यंत्राला दोन्ही हातांची दोन बटणं असली की दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय प्रेस खालीच येत नाही. पेडलच्या यंत्रात पाय आपलं काम करत राहतो आणि हात आत राहतो. हात आत गेला की यंत्र थांबवणारा सेन्सरही असतो, पण नग कमी निघतात म्हणून तो बंद करून ठेवल्याचं कामगार मला सांगतात. मग घडतं ते रात्रपाळीला, नाहीतर ज्याचं ते यंत्र नाही त्याला तिथं बसवल्यावर. टोनीचं झालं तसंच, शब्दशः.

भरपाईच्या कायद्यात बोटांचं एक कोष्टक आहे. मैत्रिणींनो, एकदा वाचून बघा. अख्खी तर्जनी गेली तर माणसाची कमावण्याची ताकद १४ टक्क्यांनी गेली असं धरतात. मधलं बोट १२ टक्के. अनामिका किंवा करंगळी ७. नुसतं टोक गेलं, हाड शाबूत असलं, तर मधल्या बोटाचे ४ आणि अनामिकेचे २. म्हणजे टोनी आयोमी भोसरीत असता तर त्याच्या हाताचा हिशेब फार तर असल्या आकड्यांत झाला असता. बाईच्या बोटाला हेच आकडे. पण भाकरी थापताना, लेकराची वेणी घालताना, मंगळसूत्राचा फासा लावताना जे अडतं, त्याचं कोष्टक नाही.

आणि ती न आलेली बाई? पोरांच्या गप्पांत ती अर्ध्या वाक्यात येते आणि जाते. ‘त्या दिवशी प्रेसवाली नव्हती.’ माझं मन मात्र तिथंच अडकतं. ती त्याच पेडलच्या यंत्रावर रोज बसत होती. त्या दिवशी पोर आजारी असेल, स्वतः आजारी असेल, दांडी मारली असेल. दुसऱ्या दिवशी आली तर तेच यंत्र तिची वाट बघत असणार. टोनीच्या आईचाही विचार येतो. ‘दिवस पुरा करून ये’ म्हणणारी. घरीच दुकान चालवणारी बाई ती, कामाचा शब्द म्हणजे शब्द. तिला पुढे आयुष्यभर ते वाक्य कसं ऐकू येत असेल? माझ्या ओळखीची एक आई आहे, तिनं मुलाला जबरदस्तीनं उठवून सकाळच्या पाळीला पाठवलं होतं. ती आता कुणालाच झोपेतून उठवत नाही. घड्याळ लावून ठेवते.

टोनीनं स्वतः मुलाखतींतून दोन्ही सांगितलंय. त्या अपघातामुळे वाजवायची वेगळी रीत शोधावी लागली, हेही आणि ते दिवस किती वाईट होते, हेही. चाहत्यांनी पहिलं तेवढं उचललं. त्यांचा दोष नाही, गोष्ट गोड लागते. पण त्या पोरामागे आई होती, बाप होता, घरचं दुकान होतं, रेकॉर्ड घेऊन घरी येणारा मॅनेजर होता. भोसरीच्या या मुलाच्या वडिलांना ज्या छोट्या वर्कशॉपात अपघात झाला, तिथून घरी कुणी आलं नाही. कागदपत्रांसाठी मी आणि त्याची आई मिळून अकरा महिने फिरलो. आता ते एका सोसायटीत वॉचमन आहेत. बोटं गेली म्हणून कला जन्मत नसते. ती टोनीची जिद्द होती, आणि पाठीशी चार माणसं होती. यंत्राला त्याचं श्रेय द्यायची काही गरज नाही, असं मी भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘मावशी, मी तसं म्हणत नव्हतो.’ भोसरीचा मुलगा म्हणाला, ‘असू दे रे.’ आणि त्यानंच माहितीपट पुढे चालू केला.

बर्मिंगहॅमच्या कारखान्यांच्या आवाजातून हे संगीत आलं असंही म्हणतात. शेजारच्या वॉलसॉलच्या रॉब हॅलफर्ड या गायकानं सांगितलंय की, त्याच्या शाळेजवळ धातूची भट्टी होती, वर्गात धूर यायचा. ‘मग आमच्या भोसरीतनं दहा बॅण्ड निघायला पाहिजे होते,’ यावर मात्र सगळे हसले, तोही हसला. बास शिकणारी म्हणाली, ‘निघेल की. तू ड्रम शिक.’

त्यानंतर दोन आठवड्यांनी तो एकटाच आला, बाबांना माहितीपट दाखवायला पेन ड्राइव्हवर घालून घेऊन गेला. मला उत्सुकता होती. पुढच्या वेळी विचारलं, काय म्हणाले? म्हणाला, संगीत चालू असताना ते काही बोलले नाहीत. हेडफोन काढून नुसतं चित्र बघत होते. टोनीचा हात जवळून दाखवला तिथं त्यांनी थांबवायला लावलं. पुढे वाकून बघितलं, आपला हात स्क्रीनशेजारी धरला. मग विचारलं, ‘हे चामडं कशानं चिकटवतो रे तो? घामानं सुटत नाही?’

आता पोरगा त्याचा शोध घेतोय. तोवर मी घरातलं जुनं, फाटलेलं लेदर जॅकेट त्याच्याकडे दिलंय आणि सिंकवरची लिक्विड सोपची बाटली संपत आलीय, ती टाकू नका म्हणून कामवाल्या ताईंना सांगून ठेवलंय.